स्वातंत्र्य नको, बरोबरी हवी: रेयुनियों बेटाची गोष्ट

फेब्रुवारी १९४६मध्ये मुंबईच्या बंदरात नौदलाचे खलाशी ब्रिटिशांविरुद्ध उठले. त्यानंतर जेमतेम महिन्याभराने, १९ मार्च १९४६ रोजी, हिंदी महासागरातल्या रेयुनियों या फ्रेंच वसाहतीची जुनी मागणी पॅरिसमध्ये मान्य झाली. मागणी होती ती अशी: आम्हाला फ्रान्सपासून वेगळं करू नका, पुरतं फ्रान्समध्ये घ्या. ती लावून धरणारे साखरेचे मळेवाले नव्हते. ते होते रेमों व्हेर्जेस आणि लेओं द लेपेर्व्हांश, कामगारांच्या चळवळीतून संसदेत गेलेले, कम्युनिस्टांच्या गटात बसणारे दोन प्रतिनिधी.

आपल्या मनात वसाहतीचं चित्र ठरलेलं आहे. परका आला, त्याने राज्य बळकावलं, लोक लढले, परका गेला. रेयुनियों या चित्रात बसत नाही, आणि त्याचं कारण इतिहासाच्या अगदी तळाशी आहे. या बेटावर फ्रेंच येण्यापूर्वी कोणी राहतच नव्हतं. ज्यांच्याकडून जमीन घेतली आणि ज्यांना ती परत द्यायची, असे मूळ रहिवासी इथे नाहीत. इथला प्रत्येक माणूस बाहेरून आलेल्याचा वंशज आहे. कोणी मालक म्हणून आलं, कोणी साखळदंडात, कोणी करारावर अंगठा उठवून. मग लढा 'तुम्ही जा' असा न होता 'आम्हालाही तुमच्याएवढंच माणूस माना' असा झाला. ही एक गोष्ट धरून ठेवली की बेटाचं राजकारण, तिथला राग आणि तिथली गाणी, सगळं उलगडत जातं.

रेयुनियों मादागास्करच्या पूर्वेला, मॉरिशसपासून साधारण दोनशे किलोमीटरवर आहे. क्षेत्रफळ अडीच हजार चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या दोन तृतीयांश. वस्ती नऊ लाखांच्या आसपास. पॅरिस इथून नऊ हजारांहून अधिक किलोमीटर दूर; मुंबई त्याच्या निम्म्या अंतरावर. बेट ज्वालामुखीतून वर आलेलं. मधोमध पितों दे नेज हे ३,०७० मीटर उंचीचं विझलेलं शिखर, आग्नेयेला पितों द ला फुर्नेझ, जो आजही वरचेवर फुटतो. १९७७ साली त्याचा लाव्हा पितों-सेंत-रोझ गावात शिरला आणि चर्चच्या दाराशी येऊन थांबला. काळ्या दगडाने वेढलेलं ते चर्च आजही उभं आहे. मधल्या शिखराभोवती सालाझी, सिलाओस आणि माफात अशी तीन अफाट खोरी आहेत, चहूबाजूंनी कड्यांनी बंद. माफातमध्ये आजही गाडीरस्ता नाही; माणसं पायी जातात आणि सामान हेलिकॉप्टरने उतरतं. पावसाचं म्हणाल तर जानेवारी १९८०मध्ये हायासिंथ वादळाने इथल्या डोंगरात १५ दिवसांत सहा हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस ओतला. महाबळेश्वरला जो अख्ख्या पावसाळ्यात पडतो, साधारण तेवढा.

रिकाम्या बेटावर माणसं कशी आली

फ्रेंचांनी सतराव्या शतकाच्या मध्याला बेटावर हक्क सांगितला आणि १६४९मध्ये आपल्या राजघराण्यावरून त्याला बुर्बों नाव दिलं. कायमची वस्ती १६६३ला सुरू झाली: दोन फ्रेंच पुरुष आणि दहा मालागासी, म्हणजे मादागास्करची माणसं, त्यांत तीन बायका. दोन वर्षांनी फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीने वीस वसाहतकरी पाठवले. या पहिल्या कुटुंबांतल्या बायका मालागासी होत्या, आणि काही पोर्तुगीज अमलाखालच्या हिंदुस्थानातून आणलेल्या. म्हणजे स्वतःला अस्सल गोरी म्हणवणाऱ्या जुन्या घराण्यांच्या मुळाशीही आफ्रिका आणि भारत आहेतच.

गोव्याचा एक धागा इथे सापडतो, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. गोव्याचा माजी व्हाइसरॉय, एरिसेराचा काउंट, कारकीर्द संपवून मायदेशी निघाला होता. वादळाने मोडकळलेलं त्याचं जहाज १७२१च्या एप्रिलमध्ये या बेटाच्या सें-दनी बंदरात दुरुस्तीला थांबलं असताना समुद्री चाच्यांनी ते लुटलं. पूर्वेची प्रचंड संपत्ती त्यांच्या हाती लागली. त्यांच्यातला म्होरक्या, 'ला ब्युझ' या नावाने ओळखला जाणारा, १७३०मध्ये याच बेटावर फासावर गेला. त्याचा खजिना शोधणारे अजूनही डोंगर पालथे घालतात.

पण बेटाचा चेहरा बदलला तो कॉफीने. १७१५मध्ये अरबस्तानातून मोखाची रोपं आली आणि कंपनीला मजूर कमी पडू लागले. मादागास्कर आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून गुलामांची जहाजं यायला लागली. १७२३मध्ये राजाच्या फर्मानाने गुलामगिरीला कायद्याची चौकट मिळाली. तिच्यात माणूस ही जंगम मालमत्ता होती. पळाला तर कान कापायचे, पुन्हा पळाला तर पायाची शीर. तरीही लोक पळाले. ज्या तीन खोऱ्यांचं वर्णन वर केलं, तिथली पहिली वस्ती याच पळून गेलेल्या गुलामांची. आज पर्यटक ज्या वाटांनी ट्रेकिंग करतात, त्या कड्यांवर माणसांची शिकार होत असे.

फ्रेंच राज्यक्रांतीने १७९३मध्ये बेटाचं नाव बदलून रेयुनियों केलं आणि १७९४मध्ये साऱ्या वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली. नाव बदललं, गुलामगिरी मळेवाल्यांनी हटू दिली नाही. स्वातंत्र्य, समता, बंधुता असं लिहिलेला कागद पॅरिसहून निघतो आणि बेटाच्या किनाऱ्यावर अडतो, याचा हा पहिला अनुभव. शेवटचा नाही.

१८१० ते १८१५ बेट ब्रिटिशांकडे होतं. मॉरिशस त्यांनी ठेवून घेतलं, हे परत दिलं. तोवर हैती फ्रान्सच्या हातून गेलं होतं, साखर हवी होती, म्हणून कॉफीच्या जागी ऊस आला आणि आजतागायत तोच आहे.

या काळातली एक गोष्ट प्रत्येकाला माहीत असायला हवी, असं मला मनापासून वाटतं. व्हॅनिलाची वेल मूळची मेक्सिकोची. ती बेटावर रुजली, फुलली, पण शेंगा धरेनात. परागीकरण करणारा कीटक इथे नव्हता. युरोपातले वनस्पतिशास्त्रज्ञ मळ्यात चालेल अशी सोपी पद्धत शोधत होते. १८४१मध्ये सेंत-स्युझान गावातल्या एडमों नावाच्या गुलाम मुलाने, वय बारा वर्षं, बांबूच्या बारीक काडीने फुलातला पडदा उचलून अंगठ्याने पराग दाबून दाखवले. एका फुलाला काही सेकंद पुरतात. आजही जगभर शेतातली व्हॅनिला जवळपास याच पद्धतीने हाताने फलित होते, आणि त्यावर मोठा व्यापार उभा आहे. त्या मुलाला आडनावही नव्हतं. गुलामांना ते नसे. मुक्तीनंतर त्याला आल्बिउस हे नाव मिळालं. एका फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावर हा शोध चढवण्याची खटपट झाली. एडमों चोरीच्या आरोपात तुरुंगात गेला आणि १८८०मध्ये दारिद्र्यात वारला. त्याच्या शोधावर श्रीमंत झालेल्या बेटाने त्याला जिवंतपणी काही दिलं नाही.

२० डिसेंबर १८४८ला सार्दा गारिगा या सरकारी आयुक्ताने मुक्तीची घोषणा केली. साधारण एक लाख लोकसंख्येत साठ हजारांहून अधिक गुलाम होते. पण मुक्त होण्याआधी प्रत्येकाने मजुरीचा करार करावा, असा हुकूम त्याने दोन महिने आधीच काढून ठेवला होता. पुढच्या वर्षी भरपाई मिळाली ती मालकांना, गुलामामागे सातशे फ्रँकांहून अधिक. राबलेल्यांना काही नाही. हा दिवस आज बेटाचा सर्वांत मोठा सण आहे, पण त्याला सरकारी सुट्टी मिळायला १९८३ उजाडावं लागलं.

भारतातून गेलेले

मुक्त झालेले लोक उसाच्या फडाकडे फिरकेनात, म्हणून मळेवाल्यांनी भारताकडे मोर्चा वळवला. यानम, कारिकल, पुदुच्चेरी या फ्रेंच ठाण्यांतून गिरमिटिये जात होतेच. १८६०-६१च्या करारांनी ब्रिटिश हिंदुस्थानातूनही भरती खुली झाली. मॉरिशसला मुंबई बंदरातून मराठी माणसं गेली आणि त्यांची वस्ती तिथे आजही आहे. रेयुनियोंची भरती मात्र मुख्यतः पूर्व किनाऱ्यावरून झाली, त्यामुळे तिथले बहुतेक भारतवंशीय तमिळ मुळांचे. त्यांना बेटावर 'मलबार' म्हणतात, जरी ते केरळचे नाहीत. मजुरांच्या छळाच्या तक्रारी इतक्या साचल्या की १८८२मध्ये ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने रेयुनियोंला माणसं पाठवणं बंद केलं.

या लोकांची भाषा दोन-तीन पिढ्यांत गेली. धर्म राहिला, पण चर्चच्या सावलीत. मुलांचा बाप्तिस्मा करायचा, नाव कॅथलिक ठेवायचं, आणि मळ्याच्या कडेला मारियम्मन देवीचं देऊळ बांधून निखाऱ्यांवरून चालायचं. म्हणून आजही इथे पहिलं नाव ज्यां-पोल आणि आडनाव फ्रेंच कारकुनाने ऐकून लिहिलेलं रामासामी, असा माणूस सहज भेटतो. रविवारी चर्चला आणि सणाला देवळात जाण्यात कोणाला विसंगती वाटत नाही.

पुढे सुरतेच्या आसपासचे गुजराती मुसलमान कापडाच्या व्यापारासाठी आले. त्यांना 'झराब' म्हणतात. सें-दनीमधली त्यांची नूर-ए-इस्लाम मशीद १९०५ची, आज फ्रान्सच्या भूमीवरच्या सर्वांत जुन्या मशिदींपैकी. चिनी दुकानदार आले. आफ्रिकी मुळांचे 'काफ', डोंगरात राहणारे गरीब गोरे 'याब', फ्रान्सहून नोकरीला येणारे 'झोरेय'. ही नावं लोक रोज वापरतात, पण सरकारी कागदावर त्यांना जागा नाही. फ्रेंच राज्य वंशाची मोजणीच करत नाही, त्यामुळे बेटावर कोण किती याचा अधिकृत आकडा नाही.

१९४६ नंतर

महायुद्धाने बेटाची रसद तोडली होती. युद्ध संपलं तेव्हा लोक उपाशी, अनवाणी, मलेरियाने खंगलेले होते. गुलामगिरी संपून शंभर वर्षं होत आली तरी जमीन मूठभर घराण्यांकडेच. अशा वेळी स्वतंत्र झालो तर राज्य कोणाचं येईल? मळेवाल्यांचंच, असं डाव्यांना वाटलं, आणि मला ते चुकीचं वाटत नाही. फ्रान्सचा जिल्हा झालो तर मात्र तिथले कामगार कायदे, पेन्शन, दवाखाने, शाळा आपोआप लागू होतील. कॅरिबियनमधल्या मार्तिनीक बेटाचे कवी-खासदार एमे सेझेर यांच्यासोबत रेयुनियोंच्या प्रतिनिधींनी हे विधेयक लढवलं. मार्तिनीक, ग्वादलूप, फ्रेंच गयाना आणि रेयुनियों या चार जुन्या वसाहती कायद्याने फ्रान्सचे 'देपार्तमां', म्हणजे जिल्हे, झाल्या.

कागद पुन्हा किनाऱ्यावर अडला. फ्रान्समधलं किमान वेतन रेयुनियोंला तेवढंच लागू व्हायला १९९६ उजाडलं, पूर्ण पन्नास वर्षं. मधल्या काळात व्हेर्जेस यांचा मुलगा पोल याने १९५९मध्ये बेटाचा स्वतंत्र कम्युनिस्ट पक्ष काढून स्वायत्ततेची मागणी सुरू केली. बाप सामील व्हायला निघाला, मुलगा अंतर मागू लागला. यातच त्या पन्नास वर्षांची निराशा आली.

पॅरिसने याला उत्तर दिलं ते मिशेल देब्रे यांच्या रूपाने. फ्रान्सचे हे माजी पंतप्रधान १९६३मध्ये रेयुनियोंमधून खासदार झाले आणि पंचवीस वर्षं राहिले. त्यांच्या काळात शाळा, रस्ते, शाळेत दूध, दवाखाने खरोखर आले. मलेरिया गेला. पण त्याच काळात बेटाची वाढती लोकसंख्या म्हणजे संकट, असं ठरवून तरुणांना फ्रान्समध्ये कामाला पाठवायची सरकारी यंत्रणा उभी राहिली, आणि तिच्याच सोबतीने एक भयंकर गोष्ट घडली. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९८४पर्यंत दोन हजारांहून अधिक मुलं बेटावरून उचलून फ्रान्सच्या ओस पडत चाललेल्या ग्रामीण भागात, विशेषतः क्रझ जिल्ह्यात, धाडली गेली. काही अनाथ होती, अनेकांचे आईबाप जिवंत होते. निरक्षर पालकांना सांगितलं गेलं की पोरगं शिकेल, सुट्टीत घरी येईल. अनेक मुलं कधीच परतली नाहीत. कोणी दत्तक गेलं, कोणी शेतावर बिनपगारी गडी झालं. २०१४मध्ये फ्रेंच संसदेने राज्याची नैतिक जबाबदारी मान्य केली. ही मुलं कायद्याने फ्रान्सची बरोबरीची नागरिक होती, तरीही त्यांच्याशी असं वागता आलं. बरोबरीच्या आश्वासनाला याहून मोठा डाग मला दिसत नाही.

त्याच वर्षांत शाळेत क्रेओल बोललं तर मार बसे. घरात, बाजारात, भांडणात आणि प्रेमात बोलली जाणारी ही भाषा फ्रेंचच्या अंगाखांद्यावर मालागासी, तमिळ, पोर्तुगीज शब्द घेऊन वाढलेली. मळ्यांतल्या गुलामांचं संगीत, मालोया, हे तर सरकारला धोकादायकच वाटायचं. रेडिओवर त्याला जागा नव्हती, मैफली पांगवल्या जात. ते जिवंत राहिलं ते पूर्वजांना नैवेद्य दाखवण्याच्या रात्रीच्या विधींत, आणि १९७०च्या दशकात कम्युनिस्ट पक्षाच्या मेळाव्यांत. वाद्यं साधी: पिंपाचा ढोल 'रुलेर', ज्यावर बसून वाजवतात, उसाच्या तुऱ्याच्या काड्यांची बी भरलेली चपटी पेटी 'कायाम्ब', जी दोन्ही हातांनी हलवायची, एका तारेचा 'बॉब्र'. एक गातो, बाकीचे झेलतात. फिर्मां व्हिरी यांनी ते चारचौघांत आणलं, दानियेल वारो यांनी जगभर नेलं. १९८१मध्ये समाजवादी मितरां फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर वातावरण मोकळं झालं. २००९मध्ये मालोया युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेलं, आणि क्रेओल आता शाळेत शिकवली जाते, जरी बहुतेक ठिकाणी ऐच्छिक म्हणूनच.

जेवणाच्या पानात मात्र भांडण कधी नव्हतं. रोजचं ताट म्हणजे भात, डाळ किंवा घेवडा-राजम्यासारखं कडधान्य, पालेभाजी, हळद-आलं-लसूण-टोमॅटोतली 'कारी' आणि बाजूला ठेचलेल्या मिरचीचं 'रुगाय'. टपरीवर गुजरात्यांचे समोसे, डाळीचे तिखट वडे आणि 'बुशों' हे वाफवलेले चिनी उंडे एकाच काचेत मांडलेले. मटणाचा 'मासाले' तमिळ घरांतून साऱ्या बेटावर पसरला.

राज्य कसं चालतं

रेयुनियों हा फ्रान्सचा भाग आहे, ताब्यातला प्रदेश नव्हे. सात खासदार आणि चार सिनेटर पॅरिसला जातात, राष्ट्राध्यक्षाला मत देता येतं, चलन युरो. १ जानेवारी २००२ला युरोच्या नोटा आल्या तेव्हा घड्याळात पुढे असल्यामुळे पहिल्या खरेदीचा मान या बेटाला मिळाला. सें-दनीच्या महापौरांनी बाजारात लिची विकत घेतली. राज्याचा प्रतिनिधी म्हणजे पॅरिसने नेमलेला प्रेफे. पोलीस, सुरक्षा, वादळाचे इशारे त्याच्याकडे. खाली २४ नगरपालिका. आणि मध्ये एक चमत्कारिक रचना: त्याच भूमीवर जिल्हा परिषद वेगळी आणि प्रादेशिक परिषद वेगळी, दोन्ही निवडून आलेल्या. पहिली समाजकल्याण आणि माध्यमिक शाळांचा पूर्वार्ध पाहते, दुसरी उच्च माध्यमिक शाळा, मोठे रस्ते आणि अर्थव्यवस्था. मार्तिनीक आणि गयानाने २०१५मध्ये दोन्ही एकत्र केल्या, रेयुनियोंने नाही.

बरोबरीचा हिशेब रोजच्या जगण्यात कसा लागतो? बहुतेक माल नऊ हजार किलोमीटरवरून येतो, दोन-तीन मोठ्या गटांच्या दुकानांतून विकला जातो आणि त्यावर 'ऑक्त्रुआ द मेर' हा जुना जकात कर बसतो, अगदी फ्रान्सहून आलेल्या मालावरही. मुंबईकरांना जकात नाक्यांची आठवण असेल. तत्त्व तेच, उत्पन्न मुख्यतः नगरपालिकांचं. खाद्यपदार्थ फ्रान्सपेक्षा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक महाग पडतात, आणि तिघांपैकी एकाहून अधिक माणसं दारिद्र्यरेषेखाली. दुसरीकडे सरकारी नोकराला महागाईपोटी मूळ पगारावर ५३ टक्के जादा मिळतात. एकाच गल्लीत दोन अर्थव्यवस्था नांदतात. नोव्हेंबर २०१८मध्ये पिवळ्या जाकिटांचं महागाईविरोधी आंदोलन फ्रान्सभर झालं, पण रेयुनियोंने सगळे रस्तेच अडवले, संचारबंदी लागली आणि मंत्र्याला विमानाने धावत यावं लागलं. २०२२च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत या बहुवंशीय बेटाने पहिल्या फेरीत कडव्या डाव्या मेलांशोंना आघाडी दिली आणि दुसऱ्या फेरीत जवळपास साठ टक्के मतं कडव्या उजव्या मारीन ल पेन यांना. लोक वंशद्वेषी झाले असं यातून मी तरी मानत नाही. सत्तेतल्या माणसाला नकार द्यायचा तेवढाच मार्ग त्यांना दिसला.

सध्याचा वाद घटनेतल्या एका परिच्छेदाचा आहे. २००३मध्ये फ्रान्सने सागरपार जिल्ह्यांना काही बाबतींत स्थानिक परिस्थितीनुसार नियम स्वतः ठरवायची मुभा दिली. फक्त एका जिल्ह्याला त्यातून वगळलं, रेयुनियोंला, आणि तेही बेटाच्याच सिनेटरच्या आग्रहाने. त्यांचं नाव ज्यां-पोल व्हिरापुले, सेंत-आंद्रेचे, गिरमिटियांच्या वंशातले. त्यांचं म्हणणं होतं की वेगळे नियम म्हणजे वेगळेपणाची पहिली पायरी, आणि वेगळं होणाऱ्याची बरोबरी आधी जाते. १९४६ची भीतीच ती, जवळपास साठ वर्षांनी. प्रादेशिक परिषदेच्या अध्यक्षा युगेत बेल्लो यांना हा अपवाद नको आहे. वादळं, ऊस, शेजारच्या मादागास्कर-मॉरिशसशी व्यापार, यांबाबतचे नियम पॅरिसच्या हवामानात बसून का ठरावेत, असा त्यांच्या बाजूचा प्रश्न. मे २०२२मध्ये सागरपार प्रदेशांच्या प्रमुखांनी मार्तिनीकची राजधानी फोर-द-फ्रान्समधून राज्याशी नातं नव्याने बांधण्याचं आवाहन केलं, त्यावर त्यांचीही सही आहे. विरोधक विचारतात की घटनेला एकदा हात लावला की पेन्शन आणि किमान वेतन तसंच राहील याची हमी कोण देणार. परिच्छेद अजून जागेवर आहे.